जुन्या तसबिरी आणि माझा ओला बोळा



मागच्या वेळी तांब्या-पितळेच्या भांड्यांवर लिहिलं, तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. भांडी झाली, आता माळ्यावर बांधून ठेवलेल्या फोटोंचं काय करायचं? विचारणारे बहुतेक तिशीतले. तुमचं इथे सुरतेला नवं घर झालंय, तिकडे गावचं घर आवरायला काढलंय आणि चादरीत गुंडाळलेल्या तसबिरी तुमच्या दारात येऊन पडल्यात. फेकवत नाहीत, लावायला भिंत नाही. माझंही तेच झालं. फरक एवढाच की मी आधी चुकले आणि मग शिकले. म्हणून आजचा लेख उलट्या क्रमाने, आधी चूक.

गेल्या दिवाळीनंतर नंदुरबारचं मामांचं जुनं घर पाडायचं ठरलं. मामा आता नाहीत. मामेभाऊ पुण्याला. तो म्हणाला, "ताई, सगळं स्कॅन करून घेऊ आणि फ्रेम देऊन टाकू भंगारात." आई सध्या आमच्याकडे इच्छापोरला असते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती काही बोलली नाही, फक्त दोन दिवस नीट जेवली नाही. मग मीच फोन करून सांगितलं की सगळ्या तसबिरी इकडे पाठव. ओळखीतल्या एकाच्या पिकअपमधून अकरा तसबिरी आल्या. दोन देवांच्या, एक रामपंचायतन, एक मामांचं कॉलेजचं सर्टिफिकेट, एक लग्नातला मोठा ग्रुप फोटो आणि बाकीची घरची माणसं. सगळ्यात मोठी तसबीर मोठ्या मायची. मोठी माय म्हणजे आईची आजी, माझी पणजी. १९५२-५३ च्या सुमाराचा काळापांढरा फोटो, वरून हाताने रंग भरलेला. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत लाल कुंकू.

काचेवर साठ-सत्तर वर्षांचा उदबत्तीचा धूर बसलेला होता. मी काच काढून धुतली, चकचकीत झाली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण फोटोवरही धुळीचा थर दिसत होता, आणि साफसफाईच्या बाबतीत मी स्वतःला फार हुशार समजते. कापसाचा बोळा किंचित ओला केला, घट्ट पिळला आणि अगदी हलक्या हाताने फिरवला. पदरावरून फिरला, काही झालं नाही. गालावरून फिरला, थोडा गुलाबी रंग आला, मला वाटलं मळ. कपाळावरून फिरला आणि बोळा लाल झाला.

मोठ्या मायच्या कपाळावर कुंकू राहिलं नाही. खाली नुसतं राखाडी कपाळ.

मी तासभर आईला सांगितलंच नाही. ती बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेवटी तसबीर तिच्यासमोर नेऊन ठेवली आणि म्हटलं, आई, माझ्या हातून पुसलं गेलं. तिने चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "अगं, ती अशीच होती."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं ते मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. हा फोटो काढला तेव्हा पणजोबांना जाऊन वर्ष झालं होतं. मोठ्या मायचा त्याआधी एकही फोटो नव्हता. फोटो धुऊन आला आणि आईच्या वडिलांना, म्हणजे बापूंना, आपल्या आईचं मोकळं कपाळ बघवेना. त्यांनी रंग भरायला देताना फोटोवाल्याला सांगितलं, कुंकू लाव. घरात त्यावरून बोलणी झाली. मोठी माय स्वतः त्या तसबिरीकडे फारसं बघायची नाही म्हणे. पण बापूंनी ती माजघरात लावली ती लावलीच. म्हणजे मी धूळ समजून पुसलं ते एका मुलाने आपल्या आईच्या कपाळावर लावून घेतलेलं कुंकू होतं.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण जुन्या फोटोवर मळ कोणता आणि फोटो कोणता हे बघून कळत नाही, हे मला पुस्तक वाचून कधीच पटलं नसतं.

आता कामाचं बोलू. त्यानंतरचे दोन महिने मी वाचलं, विचारलं, आणि उरलेल्या दहा तसबिरींना फार जपून हात लावला.

घरात सापडणारे जुने काळेपांढरे फोटो बहुतेक जिलेटिनचे असतात. कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात चांदीचे अतिशय बारीक कण. आपल्याला दिसतं ते चित्र त्या चांदीचं. जिलेटिनला पाणी लागलं की ते फुगतं, चिकट होतं. हाताने भरलेले रंग तर या थराच्या वर बसलेले असतात. जलरंग असतील तर ओल्या कापसाला ते लगेच येतात, माझ्या बोळ्याला आले तसे. म्हणून फोटोवर पाणी नाही, थुंकी नाही, कोलीन नाही, काही नाही. फक्त कोरडा, मऊ ब्रश. मेकअपचा कोरा ब्रश चालतो. मधून कडेकडे धूळ ढकलायची, घासायची नाही. फोटोच्या काळ्या भागात कडेला निळसर चंदेरी झाक दिसते ना? तीही मळ नाही. ती वर आलेली चांदी आहे. ती पुसायला गेलात तर चित्रच पुसाल.

फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. आमच्या ग्रुप फोटोचा खालचा डावा कोपरा काचेला चिकटलेला निघाला. पावसाळ्यातल्या दमट हवेने जिलेटिन मऊ होतं आणि काच त्याला धरून ठेवते. सुरीचं पातं घालून सोडवायचा मोह होतो. मी काचेसकट फोटोचा फोटो काढला, आणि तो तसाच, काचेसकट परत चौकटीत बसवला. काही गोष्टी आपल्या हातच्या नसतात, त्या जाणकाराकडे न्यायच्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे. इथून बडोदा काय, दोन तासांची गाडी. निदान कोणाकडे जावं हे तिथे विचारता येतं.

तसबीर उघडण्याआधी मोबाइलवर पुढून आणि मागून फोटो काढा. हे मी केलं नव्हतं, म्हणून आज माझ्याकडे त्या कुंकवाचा एकही धड फोटो नाही. मागची बाजू तर आवर्जून. मागे फ्रेमवाल्याची चिठ्ठी असते, तारीख असते, पेन्सिलीने कोणाचं नाव असतं. रामपंचायतनाच्या मागे पुठ्ठा कमी पडला म्हणून कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका घातलेली सापडली. ती फेकली नाही, पाकिटात घालून ठेवली.

उघडताना टेबलावर जाड टॉवेल, त्यावर तसबीर पालथी. मागचा खाकी कागद कापायचा, गंजलेल्या चुका पकडीने एकेक सरळ ओढून काढायच्या. फळी उचकटायची नाही. बुरशी दिसली तर आधी तोंडाला मास्क, मग तसबीर घराबाहेर सावलीत, वाऱ्याला. बुरशी वाळून पावडरसारखी झाली की ब्रशने झटकायची. ओली असताना हात लावला तर ती कागदात पसरते. आणि हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत. इच्छापोरला तापीचं मुख जवळ, खाडीचा खारा वारा, वर हजिऱ्याच्या ट्रकांची धूळ. जुलैत तसबीर उघडलीत तर आतली कोरडी हवा घालवून दमट हवा भरून परत बंद कराल.

आत बहुतेक वेळा खोक्याच्या लाकडाची फळी किंवा पिवळा पडलेला पुठ्ठा निघतो. त्यातलं आम्ल कागदात उतरतं. फोटोच्या पाठीवर फळीच्या रेषा तपकिरी उमटलेल्या दिसतील, त्या यामुळे. हा पुठ्ठा बदलणं हे घरच्या घरी करता येण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम आहे. फ्रेमवाल्याकडे ॲसिड-फ्री माउंटबोर्ड मागा. थोडा महाग असतो, पण तिथे काटकसर करू नका. फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी हवी, म्हणजे दोघांचा स्पर्श होत नाही. फोटो गमने चिकटवायचा नाही, कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यात बसवायचा.

फाटलेल्या जागेवर सेलोटेप लावायची नाही, हे तुम्हाला माहीत असेल. तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग तो काढायला त्या विषयातला डॉक्टर लागतो. मग काय लावायचं? इथे मला फार गंमत वाटली. संग्रहालयांत कागद जोडायला गव्हाच्या स्टार्चची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात. गव्हाचं स्टार्च म्हणजे आपला कुरडईचा चीक! गहू भिजवायचे, वाटायचे, चोथा काढायचा, वरचं पाणी दोन-तीनदा बदलायचं आणि खाली बसलेला पांढरा चीक शिजवायचा. फक्त मीठ-हिंग नाही. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग त्यांना म्हणावं, चैत्रात या नंदुरबारला." पण ही खळसुद्धा फक्त साध्या छापील कागदाला, सर्टिफिकेटला, आणि तीही मागून, नखाएवढी. फोटोला नाही. आणि खळ कसरीलाही आवडते, तेव्हा जास्तीची लावू नका.

चौकटीचं काम त्यामानाने आनंदाचं. सागवानी किंवा शिसवी चौकट असेल तर कोरड्या ब्रशने नक्षीतली धूळ काढायची, मग मऊ कापडावर थोडंसं मधमाश्यांचं मेण घेऊन चोळायचं. सोनेरी चौकट मात्र फसवी असते. बऱ्याचदा लाकडावर खडूसारखा पांढरा थर, त्यावर सोनेरी वर्ख किंवा नुसती सोनेरी पूड. पाणी लागलं की थर विरघळतो आणि नक्षीचा तुकडा हातात येतो. पडलेले तुकडे डबीत जपून ठेवा. एक किस्सा सांगते. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी अठराव्या शतकातल्या सोनेरी मूर्ती स्वच्छ करायला माणसाची लाळ किती चांगली, हे मोजलं होतं. त्यांना २०१८ चं इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. लाळेतल्या अमायलेजमुळे मळ सुटतो. पण ते अनुभवी हातांचं काम. तुम्ही वाचून विसरून जा. माझ्या बोळ्याची आठवण ठेवा.

काच धुवायची ती चौकटीतून बाहेर काढून, लांब नेऊन. चौकटीत असताना वरून स्प्रे मारला तर पाणी खालच्या पट्टीतून आत शिरतं आणि तळाला डाग पडतो. जुन्या काचेत बुडबुडे असतात, थोड्या लाटा असतात. फुटलेली नसेल तर तीच परत लावा. देवाच्या तसबिरींच्या काचेवर गंध-कुंकवाचे थर असतात. काच असेपर्यंत ते काचेवर राहतात. काच फुटली की घरातली माणसं थेट चित्राला गंध लावतात, आणि ते निघत नाही. आमच्या एका तसबिरीतल्या लक्ष्मीच्या कपाळावर असं खरं कुंकू बसलंय. ते मी ठेवलं.

ही लक्ष्मी म्हणजे जुना छापील ओलिओग्राफ. राजा रविवर्मा बडोद्याला सयाजीराव गायकवाडांसाठी काम करत होते. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रं काढली. अशी चित्रं राजवाड्यात नसलेल्यांच्या घरी जावीत म्हणून १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात त्यांचा छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला आणि १९७२ मध्ये आगीत जळाला. त्याच्याही आधी, १८७८ मध्ये, पुण्यात चित्रशाळा प्रेस निघाला होता. एकेका रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छपाई, वर कधी वार्निश. वार्निश पिवळं पडतं म्हणून चित्र काळवंडलेलं दिसतं. बटाटा चोळा, कांदा चोळा, असं सांगणारे व्हिडिओ बघू नका. खाली कागद आहे, आणि बटाट्याचं पाणी कागदात जातं.

आमच्या लक्ष्मीला वर जरीकामही आहे. त्या काळी बायका अशा चित्रांना खरी जर, टिकल्या, कापड लावून साडी नेसवायच्या. जर काळी पडलीय. आणि तसबीर आलीय कुठे, तर जरीच्या गावात! सुरतेत जर म्हणजे मुळात रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. चांदी आहे म्हणून ती काळी पडते. म्हणजे काळेपणा हा खरेपणाचा पुरावाच म्हणा. जावेने सुचवलं, बाजारातून नवी जर आणून लावू, झगमगेल. मी नाही म्हटलं. थोडी वादावादी झाली. अजून तो विषय पुरता मिटलेला नाही.

पाण्यात भिजलेल्या फोटोंबद्दल दोन शब्द, कारण सुरतेत राहून ते टाळता येत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली, तेव्हा अडाजणला माझ्या नणंदेचं तळमजल्याचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर तिने अल्बम गच्चीवर उन्हात वाळत टाकले. सगळ्यांनी तेच केलं. सगळे फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली. खरं तर ओले फोटो वाळू द्यायचे नसतात. स्वच्छ गार पाण्यात ठेवून एकेक अलगद सुटा करायचा, चिखल पाण्यातच निथळू द्यायचा, आणि चित्राची बाजू वर ठेवून जाळीच्या कापडावर सावलीत वाळवायचे. पॉलिस्टरची जाळी तर इथे गल्लोगल्ली मिळते. दोन दिवसांत हे जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि सवडीने काढायचे. मघाशी फोटोला पाणी नको म्हणाले आणि आता पाण्यात ठेवा म्हणते, असं वाटेल. पण तो आधीच भिजलेला असतो, तिथे पर्याय नसतो. हाताने रंगवलेल्याचे रंग तेव्हाही जातील, पण माणसं वाचतील.

भिंतीवर परत लावताना बाहेरच्या, पावसाने ओल धरणाऱ्या भिंतीवर नको, खिडकीसमोर नको, समईच्या वर नको. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बाटलीच्या बुचाचे पातळ काप चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते. आणि तुमच्या आईवडिलांच्या लग्नाचे १९८० च्या आसपासचे रंगीत फोटो असतील, तर त्यांना सगळ्यात जास्त जपा. ते लाल-पिवळे पडत चाललेत, कारण त्यातले रंग मुळातच कच्चे. आजीचा काळापांढरा फोटो त्यांच्यापेक्षा जास्त टिकेल. त्यांची प्रत भिंतीवर लावा आणि मूळ अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

आता मोबाइलवरच्या त्या ॲपबद्दल, जे तुम्ही सगळेच वापरता. माझ्या लेकीने मोठ्या मायचा फोटो त्यात टाकला. अर्ध्या मिनिटात चेहरा लख्ख, त्वचा नितळ, डोळे पाणीदार. तिने आजीला दाखवला. आईने विचारलं, "ही कोण?" ॲपने डाव्या डोळ्याची खाली आलेली पापणी सरळ केली होती. तीच पापणी आईला आहे आणि मलाही. प्रत म्हणून ॲप वापरा, पण मूळ फाइल वेगळी जपा आणि सुधारलेल्या फाइलच्या नावातच तसं लिहा. नाहीतर अजून वीस वर्षांनी घरात कोणाला खरी पापणी ठाऊक नसेल.

लेकीने मग विचारलं, निदान कुंकू तरी परत लावू का? ॲपमध्ये नको, तर ब्रशने, खऱ्या फोटोवर? मी काहीच बोलले नाही. हा निर्णय माझा नव्हता. आई म्हणाली, "बापूंनी लावलं ते बापूंचं होतं. तू कोण लावणार?" मग थोड्या वेळाने, "पण तो कापूस टाकू नकोस."

बोळा मी टाकला नव्हताच. वाळल्यावर तो लहान पाकिटात घालून मी तसबिरीच्या मागच्या नव्या माउंटबोर्डच्या बाहेर, खाकी कागदाच्या आत ठेवला. सोबत चिठ्ठी लिहिली, काय झालं, कोणी केलं, कुंकू कोणी लावून घेतलं होतं आणि का. बापूंचं नावही लिहिलं. तसबीर आता बैठकीत आहे, मोकळ्या कपाळाची. आई येता-जाता तिच्याकडे बघते. तिला काय वाटतं ते मी विचारलेलं नाही.

सध्या रविवारी दुपारी आम्ही ग्रुप फोटो घेऊन बसतो. चौदा माणसं आहेत. मी त्याची मोठी प्रत काढून आणली, आई बोट ठेवते, लेक प्रतीच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव आणि नातं लिहिते. नऊ झाली. दहाव्याला, मागच्या रांगेतल्या टोपीवाल्याला, आई दर रविवारी वेगळं नाव सांगते. तिन्ही नावं लिहून ठेवलीत, पुढे प्रश्नचिन्ह. उरलेल्या चौघांसाठी शहाद्याच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावायचाय. तिची कानाची मशीन दुरुस्त होऊन आली की लगेच.